लेबर कॅम्पची कॅबिन: आधी जागा, मग छत, मग भिंत

पत्र

दादा, नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यात पुसदकडे राहतो. घरी शेती आहे, सोबत लहान ठेके घेतो. वर्धा–यवतमाळ–नांदेड रेल्वेमार्गावरच्या लहान पुलांचं आणि मोऱ्यांचं काम एका मोठ्या ठेकेदाराच्या हाताखाली मिळालं आहे. दिवाळीनंतर सुरू होईल आणि 14 महिने चालेल. माणसं अशी: छत्तीसगडची 6 जोडपी लेकरांसह, मेळघाटातली 14 पोरं, 2 इंजिनिअर आणि मी. कॅम्पसाठी आमचंच नाल्याकाठचं वावर रिकामं ठेवलं आहे. तीन कोटेशनं आली आहेत. पहिलं जुन्या 20 फुटी कंटेनरचं, खिडक्या कापून देणार. दुसरं पफ पॅनेलच्या, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या, तयार 20 बाय 10 फुटांच्या कॅबिनचं. विकणारा म्हणतो एका कॅबिनमध्ये बंकबेड टाकून 12 माणसं, नाहीतर 2 कुटुंबं आरामात राहतात. तिसरं गावच्या वेल्डरचं, टिनाच्या शेडचं. ओळखीचे एक जुने ठेकेदार म्हणतात, इंजिनिअरला पफची कॅबिन दे आणि लेबरला टिनाचं शेड, सगळे असंच करतात. बजेटमध्येही तेच बसतं. काय करू?

– एक वाचक, पुसद तालुका

उत्तर

भाऊ, नमस्कार.

तुम्ही विचारलंत कॅबिनबद्दल, पण पत्र वाचताना मला सगळ्यात आधी खटकली ती जागा. नाल्याकाठचं वावर कॅम्पला देऊ नका. दिवाळीनंतर ते कोरडं आणि सपाट असेल, ट्रक थेट आत जाईल, पाणीही जवळ वाटेल. पण 14 महिन्यांत एक अख्खा उन्हाळा आणि एक अख्खा पावसाळा येतो. जुलैत रातोरात नाला भरून आला तर झोपलेली लेकरं उचलून कुठे न्यायची, हे आज ठरवायचं आहे, त्या रात्री नाही.

आणि पूर आला नाही तरी काळी माती आहेच. ती उन्हाळ्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पाऊस लागला की फुगते. तिच्यावर नुसत्या विटा मांडून कॅबिन ठेवली की एक कोपरा बसतो आणि दुसरा वरच राहतो. इंचभराच्या फरकानेही दार चौकटीला घासतं, सरकती खिडकी अडकते, पॅनेलचे सांधे उघडतात आणि तिथूनच पाणी झिरपायला लागतं. मग माल खराब दिला म्हणून भांडणं होतात. पुष्कळदा माल चांगला असतो, पायाच धड नसतो.

तुमच्याकडे टेकड्यांच्या पायथ्याला बरड, म्हणजे मुरमाड हलकी, जमीन आहे. तशी एखादी एकर-अर्धा एकर ठेक्याने घ्या. कामापासून किलोमीटरभर दूर पडली तरी हरकत नाही. बरडावर मुरूम जवळ लागतो, पाणी थांबत नाही, पीक जेमतेम असल्याने मालकाचंही फार नुकसान होत नाही. काळ्या जमिनीशिवाय इलाजच नसेल तर वरची दीड फूट माती काढून एका बाजूला ढीग मारून ठेवा. परत जाताना तीच पसरायची आहे. खड्ड्यात मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी, पाणी मारून, रोलर फिरवून भरा आणि आजूबाजूच्या जमिनीपेक्षा फूटभर उंच करा. चारही बाजूंनी चर काढा, चराला उतार द्या. मुरूम गौण खनिजात येतो, तेव्हा तहसीलमधून परवानगी आणि रॉयल्टीची पावती घ्या, नाहीतर पहिल्याच आठवड्यात ट्रक अडकतो. रस्त्यापासून कॅम्पपर्यंतच्या पांदणीवरही मुरूम पडला पाहिजे. रात्री-बेरात्री कुणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर 108 ची गाडी दारापर्यंत पोचायला हवी, आणि पावसाळ्यात विदर्भातल्या पांदणीचं काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

या भरावावर फ्लाय अॅशच्या विटांचे किंवा काँक्रीटचे ठोकळे घ्या, कॅबिनच्या खालच्या चौकटीला दर पाच-सहा फुटांवर एक, आणि कॅबिन जमिनीपासून दीड फूट उचला. खालची पोकळी मोकळी आणि साफ राहू द्या. साइटवर तिथे हमखास उरलेली प्लाय, सेंट्रिंगच्या फळ्या, सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या कोंबल्या जातात. त्यात उंदीर होतात आणि उंदरामागे साप येतो. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचा दंश इतका बारीक असतो की माणूस जागा होईलच असं नाही, आणि सकाळपर्यंत वेळ निघून गेलेली असते. म्हणून प्रत्येक माणसाला खाट किंवा लोखंडी पलंग द्या. कोटेशनमध्ये पलंग नसतील तर ते वेगळे धरा, पण यादीतून काढू नका.

आता तीन कोटेशनांकडे येऊ.

तुम्ही कॅबिन दिवाळीनंतर बघणार. त्या दिवसांत सगळ्याच चांगल्या वाटतात, टिनाचं शेडसुद्धा. निर्णय घ्यायचा तो मे महिन्यातल्या रात्री दहा ते पहाटे चारच्या हिशोबाने. आपल्याकडे अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीला पारा 45 च्या वर जातो. पुसदचे डोंगर थोडा दिलासा देतात, पण फार नाही. दिवसभर सळई वाकवलेल्या माणसाच्या अंगातली उष्णता रात्री उतरली नाही तर दुसऱ्या दिवशी तो उन्हात कोसळतो. झोप न झालेला माणूस उंचावर शटरिंग बांधताना चुकतो. या नजरेने पाहिलं तर एकेरी टिनाचं शेड पहिल्यांदा बाद होतं. दुपारी पत्र्याला हात लावता येत नाही, तो पत्रा आत बसलेल्या माणसाच्या डोक्यावर उष्णता ओतत राहतो, आणि कामावरून दमून आलेल्या बाईला त्याच पत्र्याखाली स्वयंपाक करायचा असतो.

कंटेनर त्याहून फार बरा नाही. तो समुद्रावरून माल नेण्यासाठी केलेला मजबूत लोखंडी डबा आहे. आतली रुंदी पावणेआठ फुटांच्या आसपास, उंचीही जवळपास तेवढीच. दोन्ही बाजूंना पलंग टाकले की मधून एकच माणूस कसाबसा जातो. अस्तर नसेल तर उन्हाळ्यात तापतो आणि थंडीत वेगळाच त्रास देतो. डिसेंबरच्या पहाटे आत सात-आठ माणसांच्या श्वासाची वाफ थंड लोखंडी छतावर जमते आणि थेंब होऊन गोधड्यांवर पडते. पाऊस नसताना छत गळतंय म्हणून पोरं तक्रार करतात ते हेच. आतून अस्तर, मग प्लाय, खिडक्या कापल्यावर तिथे नवी चौकट, असं करत गेलं की स्वस्तात मिळालेला कंटेनर स्वस्त राहत नाही. शिवाय आधी त्यातून कसला माल गेला आणि तळाच्या प्लायवर कोणतं औषध मारलं होतं, हे कुणी सांगू शकत नाही. एक कंटेनर जरूर घ्या, पण सिमेंट, मशिनरी आणि डिझेलच्या पंपाचं सामान ठेवायला. कुलूप लावून निश्चिंत राहायला त्याच्यासारखं काही नाही. माणसं त्यात ठेवू नका.

म्हणजे उरलं पफ. इथेही घाई नको. पफ खोली थंड करत नाही, उष्णतेला फक्त उशीर लावतो. तो थर्माससारखा आहे: आतलं गार असेल तर गार ठेवतो, आतलं गरम असेल तर गरमच. संध्याकाळी बाहेर वारं सुटलं आणि आत पाच माणसांची ऊब कोंडली तर पफची कॅबिन बाहेरच्यापेक्षा जास्त उकडते. म्हणून समोरासमोरच्या भिंतींत दोन मोठ्या खिडक्या मागा, दोन्हींना डासांची जाळी, आणि छताजवळ गरम हवा निघून जायला झरोका. विकणारे पैसे वाचवायला एकाच बाजूला दार आणि खिडकी देतात. तशी कॅबिन घेऊ नका. कूलर लावणार असाल तर ही समोरची खिडकी आणखी महत्त्वाची, कारण कूलरची हवा निघायला वाट नसेल तर खोलीत नुसता दमटपणा भरतो.

भिंत 50 मिलिमीटरची पुरे. छताला मात्र 60 किंवा 80 मागा, कारण उन्हाचा मारा छतावर असतो. आणि याहून मोठी गोष्ट कोणत्याच कोटेशनमध्ये नसते: छतावर दुसरं छत. कॅबिनच्या वर दीड-दोन फूट अंतर सोडून, स्वतंत्र पाइपांच्या खांबांवर साधा पत्रा टाका. ऊन त्या पत्र्यावर पडतं, मधून वारा जातो, आणि कॅबिनचं छत दिवसभर सावलीत राहतं. हाच पत्रा एका बाजूने पाच फूट पुढे काढलात की व्हरांडा तयार. लेकरांना दुपारी बसायला जागा झाली, चिखलाच्या चपला बाहेर राहिल्या, पावसाचं पाणी छताच्या सांध्यांवर थेट पडणं थांबलं. पफ 80 चा 100 करण्यावर पैसे घालण्यापेक्षा ते या पत्र्यावर घाला. तुमच्या गावच्या वेल्डरला काम द्यायचं ते हे. खांब काँक्रीटच्या खड्ड्यात रोवायचे, कॅबिनला वेल्ड करायचे नाहीत. कॅबिनचीही लांब बाजू उत्तर आणि दक्षिणेकडे येईल अशी ठेवा, म्हणजे पश्चिमेच्या उन्हाला फक्त अरुंद भिंत लागते. छतावर पऱ्हाटी किंवा तुराट्या टाकायची आपल्याकडे सवय आहे, ती इथे नको. वाळलेलं जळण पफच्या डोक्यावर ठेवायचं नसतं.

अवकाळीचं वादळ विसरू नका. एप्रिल-मेत दुपारनंतर आभाळ भरून येतं आणि दहा मिनिटांत टिना उडतात. भारतीय मानक 875 च्या तिसऱ्या भागात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरला आहे, म्हणजे ताशी सुमारे 158 किलोमीटर. पफची कॅबिन दिसायला भक्कम असली तरी वजनाने हलकी असते. चारही कोपरे काँक्रीटच्या ठोकळ्यांत पुरलेल्या बोल्टला बांधलेले हवेत. वजनावर बसून राहील, असं कुणी म्हटलं तर ऐकू नका.

पफच्या नावाखाली थर्माकोल खपवला जातो, तेव्हा माल तपासायला शिका. पॅनेलचा हातभर तुकडा कापून मागा. कापलेल्या कडेला पांढरे गोल दाणे दिसले तर तो थर्माकोल. पफ फिकट पिवळसर आणि एकसंध असतो. अंगठ्याने जोर देऊन दाबा. घनमीटरला 40 किलोच्या घनतेचा चांगला पफ सहज दबत नाही. अंगठ्याचा खड्डा पडला आणि बोटाला पिवळी पूड लागली तर माल हलका आहे. थर्माकोल वाईटच असतो असं नाही, पण 50 मिलिमीटर पफ जेवढी उष्णता अडवतो तेवढी अडवायला थर्माकोल दीडपट जाड लागतो, म्हणून भावही त्याच हिशोबाने हवा. दोन्ही बाजूंचा पत्रा 0.5 मिलिमीटर ठरलेला असतो आणि 0.35 चा येतो. फॅब्रिकेशनवाल्याकडे मायक्रोमीटर असतो; पत्रा त्याच्याकडून तुमच्यासमोर मोजून घ्या आणि आकडा कोटेशनवर लिहून घ्या. तळाला प्लाय नको. वाळवी लागते आणि फरशी पुसताना पाणी मुरतं. सिमेंट बोर्ड मागा आणि त्याखालची लोखंडी चौकट वाकून, टॉर्च मारून बघा. वेल्ड ठिपक्यांसारखे आहेत की सलग, गंजरोधक रंग खालूनही मारलाय का, हे तिथेच कळतं.

आता त्या 12 माणसांचं. 20 बाय 10 म्हणजे बाहेरून 200 चौरस फूट, भिंतीची जाडी गेली की आत साधारण 190. त्यात 12 माणसं म्हणजे माणशी 16 चौरस फूटही नाही. एक पलंगच जवळपास 18 खातो. मेळघाटच्या 14 पोरांना तीन कॅबिन द्या: पाच, पाच आणि चार. पाच जणांत माणशी 38 चौरस फूट येते, आणि तेवढी जागा साइटवर सुखाची समजावी. आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाने 2009 मध्ये कामगारांच्या निवासासाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत माणशी 4 ते साडेपाच चौरस मीटर हा रिवाज नोंदवला आहे. 4 चौरस मीटर म्हणजे 43 चौरस फूट, म्हणजे तुमची पाच जणांची कॅबिन त्याच्या खालच्या टोकाहूनही थोडी कमीच आहे, म्हणून सहावा पलंग मध्ये सरकवू नका. तीन मजली बंक तर अजिबात नको. वरच्या पलंगावरचा माणूस थेट छताच्या उष्णतेत झोपतो.

कुटुंबांचा हिशोब विकणाऱ्याने जुळवला आहे, पण तो थोडक्यात चुकतो. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांच्या 1979 च्या कायद्याखालच्या 1980 च्या केंद्रीय नियमांत कुटुंबाला किमान 10 चौरस मीटरची खोली, पुढे व्हरांडा आणि स्वयंपाकाला वेगळी झाकलेली जागा सांगितली होती. 10 चौरस मीटर म्हणजे 108 चौरस फूट. 20 बाय 10 च्या मध्ये पार्टिशन घातलं की प्रत्येकी 95 भरतात. त्यापेक्षा 40 बाय 10 च्या दोन कॅबिन घ्या आणि प्रत्येकीत तीन खोल्या पाडा. प्रत्येक कुटुंबाला 125 च्या पुढे जागा मिळते, सहा कुटुंबं बसतात, आणि एकच लांब व्हरांडा सगळ्यांना पुरतो. प्रत्येक खोलीला स्वतःचं दार बाहेर उघडणारं हवं, आणि मधलं पार्टिशन छतापर्यंत हवं. नवरा-बायकोला रात्री दार लावून घेता आलं पाहिजे. कॅम्पात रेजांना, म्हणजे मजूर बायांना, सगळ्यात जास्त त्रास याच गोष्टीचा होतो आणि त्या तो कुणाला बोलून दाखवत नाहीत.

इथेच वाहतुकीचा मुद्दा येतो. साध्या ट्रकची रुंदी नियमाने 2.6 मीटर, म्हणजे साडेआठ फूट. 10 फूट रुंदीची तयार कॅबिन त्यावर बाहेर निघते. तिला ट्रेलर लागतो, जादा रुंदीची परवानगी लागते. आणि ट्रेलरवर चढलेली कॅबिन जमिनीपासून 13 फुटांच्या आसपास जाते. शेतातल्या पंपांच्या लोंबत्या तारा पांदणीवर किती उंचीवर आहेत ते एकदा बांबू घेऊन मोजून या. 40 फुटी कॅबिनला तर गावातल्या वळणांवरूनच परत जावं लागेल. म्हणून तुम्ही न मागवलेलं चौथं कोटेशन मागवा: नट-बोल्टची कॅबिन. चौकट, पॅनेल, दारं, खिडक्या सगळं सुटं येतं, साध्या ट्रकवर आडवं रचून. कंपनीची माणसं जागेवर जोडून देतात, हायड्राही (क्रेन) फारसा लागत नाही. काम संपलं की खोलून पुढच्या साइटवर नेता येते. तिची कमजोर बाजू सांधे. प्रत्येक उघड-जोडीत रबर आणि सिलिकॉन नवं भरावं लागतं, बोल्ट हरवतात, पॅनेलच्या कडा चेपतात. जादा बोल्ट, दोन जादा भिंत-पॅनेल आणि जोडणीचा नकाशा खरेदीतच मागून घ्या.

भाड्याने घ्यायची की विकत, याचा हिशोब सरळ आहे. 14 महिन्यांचं भाडं, येण्या-जाण्याची वाहतूक, दोन्ही वेळचा हायड्रा आणि परत करताना कापली जाणारी अनामत हे एका बाजूला. खरेदीची किंमत वजा दोन वर्षांनी मिळेल तो भाव दुसऱ्या बाजूला. पुढे काम मिळेल अशी आशा असेल तर नट-बोल्टची कॅबिन विकत घेणं मला योग्य वाटतं. कंटेनर भाड्याने घ्या.

विजेबद्दल थांबून सांगतो, कारण लोखंडी कॅबिनमधली वायरिंगची चूक एका माणसावर थांबत नाही. वायर पत्र्याला पाडलेल्या भोकातून नुसतीच आत घेतलेली असते. वारा सुटला की पत्रा थरथरतो, भोकाची धारदार कड वायरचं आवरण हळूहळू कापते, आणि एक दिवस अख्ख्या कॅबिनमध्ये करंट उतरतो. पाऊस पडत असतो, अंगणात पाणी असतं, आणि कुणीतरी ओल्या हाताने दाराची कडी धरतं. प्रत्येक भोकात रबराची बुशिंग आणि वायर पाइपातून आहे का, हे स्वतः बोट फिरवून बघा. प्रत्येक कॅबिनला वेगळी अर्थिंग, चौकटीला बोल्टने जोडलेली, आणि प्रत्येक कॅबिनच्या बोर्डात 30 मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच. एवढ्यासाठी इलेक्ट्रिशियनला एक दिवस जादा द्या. कूलरही लोखंडी, त्यात पाणी, त्यात पंप. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं जातात. कूलर बंद करून, प्लग काढूनच पाणी भरायचं, हे छत्तीसगडच्या बायांना त्यांच्या बोलीत समजेल असं मुकादमाकडून सांगून घ्या. वीज आकडा टाकून घेऊ नका. महावितरणची तात्पुरती जोडणी मिळते.

आगीचं तर आणखी जपा. पफ पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. माणूस ज्वाळेआधी धुराने पडतो. चूल किंवा शेगडी कॅबिनमध्ये कधीच नाही, व्हरांड्यातही नाही. कॅबिनपासून चांगल्या 30-40 फुटांवर, वाऱ्याची दिशा बघून, टिनाचं स्वयंपाकघर बांधा. तिथे टिनच योग्य आहे. आत सहा कुटुंबांच्या सहा चुली वेगळ्या. एकमेकींच्या चुलीवर कुणी रांधत नाही, आणि त्या मुद्द्यावर भांडून माणसं काम सोडून जातात. 40 फुटी कॅबिनच्या प्रत्येक खोलीत एका खिडकीला गज नको, आतून उघडेल अशी हवी. दाराबाहेर अग्निशामक सिलिंडर आणि वाळूच्या बादल्या ठेवा.

संडास-न्हाणीघराची प्रीफॅब युनिटं चांगली असतात, पण शोषखड्डा काळ्या मातीत चालत नाही. माती पाणी पीतच नाही आणि पावसाळ्यात खड्डा वर येतो. हाही बरड निवडण्याचा एक फायदा. बायकांचे संडास वेगळ्या बाजूला, दिव्याखाली आणि आतून कडी असलेले. पिण्याच्या पाण्याची टाकी संडास-मोरीपासून किमान 6 मीटर दूर, असं बांधकाम कामगारांच्या 1996 च्या कायद्याच्या कलम 32 मध्ये म्हटलं होतं. तुम्ही त्याहून दूर ठेवा.

त्याच कायद्याचं कलम 34 तुमच्या त्या जुन्या ठेकेदारांना दाखवा. 10 किंवा अधिक कामगार असलेल्या बांधकामावर तात्पुरतं निवास मालकाने विनामूल्य द्यायचं, कामाजवळ द्यायचं, त्याला स्वयंपाक, अंघोळ, धुणं आणि संडासाची वेगळी सोय द्यायची, आणि काम संपल्यावर जागा पूर्ववत साफ करायची, असं त्यात लिहिलं होतं. हा कायदा आणि 1979 चा कायदा दोन्ही 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सामावले गेले. यवतमाळच्या कामगार कार्यालयात एकदा जाऊन आजचे नियम आणि नोंदणी समजून घ्या. रेल्वेचं काम असल्याने मुख्य ठेकेदाराकडूनही कॅम्पचा खर्च किती मिळतो ते करारात बघा. पुष्कळदा तो दरात धरलेला असतो आणि खालच्या ठेकेदाराला कुणी सांगत नाही.

आणि इंजिनिअरला पफ, लेबरला टिन, हे करू नका. कायद्याचं सोडा. इंजिनिअर कामावर येताना डोक्यावर घमेलं घेत नाही. सर्वांत जास्त घाम गाळणाऱ्याला सर्वांत जास्त तापणारं छत द्यायचं, यात मला कोणताही हिशोब दिसत नाही. बजेट तुटत असेल तर वाचवायच्या जागा वेगळ्या आहेत. तुमची आणि इंजिनिअरांची एकच 20 बाय 10 ची कॅबिन करा, एका बाजूला टेबल, दुसऱ्या बाजूला तीन पलंग. वेगळं ऑफिस नको, एसी नको, आतलं लाकडी पॅनेलिंग आणि फॉल्स सीलिंग नको. विकणारा हेच आधी दाखवतो. तेवढ्यातून दुसऱ्या छताचा पत्रा आणि पलंगांचा बराचसा खर्च निघतो. छत्तीसगडची माणसं होळीला गावी जातात. परत तुमच्याकडे यायचं की दुसरीकडे जायचं, हे ती तिकडे बसून ठरवतात. मे महिन्यात अर्ध्या माणसांनी साइट सोडली तर थांबलेल्या कामाचं नुकसान कॅबिनच्या फरकाहून मोठं असतं.

ऑर्डर देण्याआधी विकणाऱ्याला त्याने निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा आधी बसवलेली कॅबिन दाखवायला सांगा, शोरूममधली नको. तिथल्या चौकीदाराशी तो बाजूला असताना बोला: रात्री कुठे झोपता, आत की बाहेर खाटेवर? छत कुठे गळतं? दार पावसात लागतं का?

पैसे तीन हप्त्यांत ठरवा आणि शेवटचा हप्ता जोडणी झाल्यावर टँकरच्या चाचणीनंतर. कॅबिन उभी राहिली की वरचं दुसरं छत टाकण्याआधी टँकर बोलवा, पंपाने अर्धा तास छतावर आणि चारही भिंतींच्या सांध्यांवर पाणी मारा, आणि तुम्ही स्वतः आत, दारं-खिडक्या लावून, टॉर्च घेऊन उभे राहा. जिथे ओल दिसेल तिथे खडूने खूण करा. कंपनीचा माणूस तेवढं सिलिकॉन भरून देईल आणि पुन्हा पाणी मारून दाखवेल, तेव्हा चेक द्या.